चरकासमोरची जागा

निमगाव केतकी
रविवार, ६ जुलै १९५८

अक्का,

हे पत्र भिमातात्याच वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांना दोन शब्द. तात्या, टपाल वाटून झालं की सावकाश वाचा आणि मधे स्वतःचं काही घालू नका. माघात मी आईला 'ताप उतरला' एवढंच लिहिलं होतं. तुम्ही पुढे 'पण पोरगी वाळून गेली आहे' असं जोडलंत आणि आई दोन दिवस धड जेवली नाही.

अक्का, मी बरी आहे. दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे, एकोणचाळीस मुलं. साखरबाईंच्या घराची पुढची खोली मला मिळाली आहे. त्या बाजारच्या दिवशी ओट्यावर भाजी मांडतात. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की माझ्या दाराकडे बोट दाखवून म्हणतात, हळू बोला, आत मास्तरीण हाय. मी आत बसून वह्या तपासते आणि उगीच चोरासारखं वाटतं.

तुला म्हणून हे पहिलंच पत्र. एक वर्षभर मी अप्पांना आणि आईला लिहीत आले आणि खाली 'अक्काला नमस्कार' असं लिहून मोकळी झाले. वैशाखात पंधरा दिवस घरी होते. तू माझ्यापुढे ताट ठेवायचीस आणि निघून जायचीस. मीही काही बोलले नाही. निघताना आईने सांगितलं की तुझ्या सासरची, कऱ्हाटीची माणसं दिवाळी झाली की फारकतीचा कागद करणार आहेत, मग तुला त्या घरात जाता येणार नाही. हे ऐकूनही मी एसटीत बसले आणि इथे आले. दुसऱ्या दिवशी शाळा होती.

मी जे सांगितलं होतं ते एकदा क्रमाने लिहिते. कुठे चुकत असेल तर तात्यांना सांग, ते मला कळवतील.

पौषातली गोष्ट. दीड वर्ष झालं. तू गुऱ्हाळापुरती माहेरी आली होतीस. महिपती जेवायला गेला म्हणून चरकात ऊस घालायला तू बसलीस. इंजिन भिंतीपलीकडच्या छपरात, तिथे अप्पा. भिंतीच्या भोकातून पट्टा चरकावर येतो. इंजिन चालू असलं की अप्पांना कोणाची हाक ऐकू जात नाही, आणि भिंतीमुळे चरकही दिसत नाही. म्हणून भिंतीच्या कोपऱ्यावरच्या दगडावर कोणीतरी बसायचं, ही आपल्याकडची पहिल्यापासूनची रीत. तिथून चरकही दिसतो आणि अप्पाही. चरकावरच्याने डावा हात वर केला की दगडावरच्याने हात वर करायचा, आणि अप्पा पट्टा उतरवतात. त्या दिवशी दगडावर मी होते.

तुझा पदर चरकात गेला. पदरामागून उजवा हात गेला. चार बोटं.

फाल्गुनात कऱ्हाटीला बैठक बसली. तू सांगितलंस की मी डावा हात दोनदा वर केला, चरक थांबला नाही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, हात वर केला असता तर चरक थांबला असता, दिवाळीचं नवं लुगडं फाटेल म्हणून हिनेच ओढाताण केली आणि आता आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकलते. तुझ्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, मला विचारलं. मी म्हणाले, शपथेवर सांगते, मी तिच्याकडेच बघत होते. तिने हात वर केला नाही.

आबासाहेब म्हणाले, शिकलेली पोर आहे, सख्खी बहीण आहे, ती कशाला खोटं सांगेल. त्यानंतर तुला कोणी काही विचारलं नाही. तुझ्या सासूबाईंचं एक वाक्य माझ्या कानात राहिलं आहे. "चार बोटं गेली त्याचं काय न्हाय, पर खोटारडी नांदवायची कशी?"

अक्का, मी खोटं बोलले नव्हते. मी तुझ्याकडेच बघत होते. तुझा हात वर झालेला मला दिसला नाही. एवढंच मला तुला सांगायचं होतं.

माला


निमगाव केतकी
रविवार, १० ऑगस्ट १९५८

अक्का,

तात्यांचं कार्ड पोचलं. ते लिहितात: 'पत्र वाचून दाखविले. रतन डाव्या हाताने भाकरी थापत होती. थांबली नाही. शेवटी म्हणाली, तिला इचारा, माझं लुगडं कंच्या रंगाचं व्हतं. बाकी काही नाही. मी स्वतःचे काही घातलेले नाही.'

कार्ड येऊन बारा दिवस झाले. उत्तर त्याच दिवशी लिहायला बसले होते.

हिरवं होतं, असं मी लिहिलं. मग ते खोडलं. बैठकीत तुझ्या सासूबाईंनी 'दिवाळीचं नवं हिरवं लुगडं' असं म्हटल्याचं मला पक्कं आठवतं. म्हणजे हिरवा हा रंग मला त्यांच्या तोंडून ठाऊक आहे. तो काढून ठेवला तर माझ्याकडे काय उरतं ते मी शोधत बसले. चरक दिसतो. उसाची मोळी दिसते. तुझा चेहरा दिसतो. चेहऱ्याखाली काही नाही. काही नाही म्हणजे काळं किंवा धूसर, असंही नाही. तिथे काही असायला हवं होतं असंच वाटत नाही.

तुझ्या समोर, पंधरा हातांवर, मी अर्धा तास तरी बसले असेन. लुगड्याचा रंग मला सांगता येत नाही.

काल वर्गात मी मुलांना डोळे मिटायला सांगितलं आणि माझ्या पातळाचा रंग विचारला. बहुतेकांनी बरोबर सांगितला. एका मुलीला सांगता आला नाही आणि ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, यात रडण्यासारखं काही नाही. मग मला पुढे शिकवता येईना, म्हणून त्यांना पाढे म्हणायला लावले.

यावरून मी खोटी ठरते असं मला वाटत नाही. रंग विसरला जाऊ शकतो. माणूस जखम लक्षात ठेवतो, कापड नाही. पण हे लिहिताना मला बरं वाटत नाही हेही लिहून ठेवते.

माला


इंदापूर
रविवार, २१ सप्टेंबर १९५८

अक्का,

तीन दिवस इथे शिक्षकांचा वर्ग होता, आज संपला. एसटीला अजून दोन तास आहेत. शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. जे बघितलं ते घरी जाऊन लिहिलं तर मी ते सारखं करून लिहीन, म्हणून आत्ताच.

पुण्याहून मानसशास्त्राचे एक प्राध्यापक आले होते. मुलांचं लक्ष या विषयावर ते बोलले. पहिला दिवस नुसतं बोलण्यात गेला, पाठीमागचे गुरुजी लोक डुलक्या घेत होते. काल त्यांनी एका खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून मिट्ट अंधार केला आणि आम्हाला दोघादोघांना आत नेलं. माझ्याबरोबर कळसचे गेणू गुरुजी होते.

समोर लाकडी चौकटीत कागद होता, पण अंधारात तो दिसत नव्हता. कागदाच्या मधोमध सुईएवढं भोक, मागे कंदील. तो एवढासा ठिपका दिसायचा. प्राध्यापक म्हणाले, डोळे ठिपक्यावरून हलवायचे नाहीत. मग माझ्या कानात सांगितलं, नजर ठिपक्यावर, पण मन वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा. गेणू गुरुजींच्या कानात दुसरं काही सांगितलं. मग फोटोवाल्यांच्या दिव्याचा एकदाच लख्ख उजेड पडला आणि गेला. डोळ्याला हलायला फुरसत मिळत नाही इतका थोडा.

मला वरच्या डाव्या कोपऱ्यातली चार अक्षरं दिसली. म, ठ, ल, ज. खालच्या उजव्या कोपऱ्यात काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिथे काही नव्हतं, कागद कोरा होता. गेणू गुरुजी म्हणाले, "बाई, काय बोलताय? खाली उजवीकडं ढळढळीत चार अक्षरं व्हती. वरचा कागद कोरा व्हता." आम्ही दोघं अंधारात भांडायला लागलो. गुरुजी म्हणाले, मी वीस वर्षं मुळाक्षरं शिकवतो, मला अक्षर दिसलं की कळतं. मी म्हटलं, मी शपथेवर सांगते.

प्राध्यापकांनी घोंगडी बाजूला केली. कागद चारी बाजूंनी अक्षरांनी भरलेला होता.

गुरुजी हसले आणि चहा प्यायला गेले. मी तिथेच उभी राहिले. 'शपथेवर' हा शब्द मी दुसऱ्यांदा वापरला होता.

मी प्राध्यापकांना विचारलं की ती अक्षरं माझ्या डोळ्यापर्यंत पोचली की नाही. ते म्हणाले, उजेड पडला म्हणजे डोळ्यात शिरलाच. पण डोळा आणि मेंदू यांच्यामधे वाट आहे, वाटेवर ठाणी आहेत. कोणत्या ठाण्यावर काय गाळलं जातं याचा शोध चालू आहे. त्यांनी परदेशातला एक प्रयोग सांगितला. एका मांजराच्या कानाच्या वाटेवर, अगदी पहिल्या ठाण्याजवळ, बारीक तार बसवली. बाहेर टिक वाजलं की तारेतून खूण उमटायची. मग मांजरापुढे काचेच्या बरणीत उंदीर ठेवले. टिक तेवढ्याच जोराने वाजत होतं, पण तारेतली खूण जवळजवळ नाहीशी झाली. मांजराने ऐकलं आणि मनावर घेतलं नाही, असं नव्हे. मन उंदरांकडे गेलं आणि आवाज दारातच बारीक झाला. डोळ्याचंही असंच असावं, पण ते अजून पक्कं झालेलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. म्हणून मीही पक्कं म्हणून लिहीत नाही. शिवाय ते मांजर होतं.

पण कागदाचं मी स्वतः बघितलं. नजर एकीकडे आणि मन दुसरीकडे असू शकतं. आणि मन नसेल तिथली वस्तू पुसट दिसते असं नाही. ती नसतेच.

म्हणजे मी तुझ्याकडे बघत होते हे खरं, आणि तू हात वर केलास हेही खरं असू शकतं.

आता तू विचारशील, मग तुझं मन कुठे होतं? माझं मन काहिलीकडे होतं. गुळव्या म्हणाला होता की रसाला उकळी फुटते आहे, तिकडेही ध्यान ठेव. म्हणून.

एसटी आली.

माला


निमगाव केतकी
रविवार, ५ ऑक्टोबर १९५८

अक्का,

तात्या, हे पत्र स्वयंपाकघराच्या दारात नको. बाहेर ओट्यावर बसून, नेहमीच्या आवाजात वाचा. कोणी बसलेलं असेल तर असू दे. कोणाला उठवू नका.

मागच्या पत्रातलं काहिलीचं खोटं आहे. गुळव्या मला काही म्हणाला नव्हता. मी ते लिहिलं कारण हे पत्र तात्या वाचणार, आणि ओट्यावर बसलेली माणसं ऐकणार. खरं लिहिलं तर ते आठवड्यात आपल्या वडगावभर होईल आणि पंधरा दिवसांत इथल्या शाळेत येईल. तसं झालं तर होवो. पंधरा दिवस मी दुसरा काही मार्ग सुचतो का ते बघितलं. सुचला नाही.

त्या दिवशी गुऱ्हाळावर इंदापूरकडचे तिघे पाहुणे आले होते, मुलगा, त्याचे वडील आणि आणखी एक जण. रस प्यायच्या निमित्ताने. निमित्त कसलं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी रीतसर दाखवायच्या आधी कामात कशी दिसते ते बघायला माणसं गुऱ्हाळावर येतात. आई माझ्या जवळून जाताना म्हणाली, "वर बघू नगंस. कामाकडं बघ."

ते काहिलीच्या अलीकडे, बारदानावर बसले. चरकाकडे त्यांची पाठ होती आणि तोंड माझ्याकडे. मी वर बघितलं नाही. मी कामाकडे बघितलं. माझं काम म्हणजे तू. म्हणून मी डोळे तुझ्या चेहऱ्यावर ठेवले आणि तिथून हलवले नाहीत. कोणी म्हणू शकणार नाही की मी त्याच्याकडे बघितलं.

अक्का, त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला होता. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली होती आणि तिच्या आतली घामाची कड दिसू नये म्हणून पालथी घातली होती. रसाचा पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता. अर्धा रस प्याला आणि उरलेला, वडील बघत नाहीत असं बघून, मागे मातीत ओतला. त्याला रस आवडला नसावा. त्याचा सदरा पांढरा होता आणि खिशाजवळ शाईचा डाग होता, म्हणजे तो लिहिणारा होता. मला त्याचा आनंद झाला होता.

हे सगळं मला आज, आत्ता दिसतं आहे. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी तुझ्याकडे बघत होते आणि तुझ्या लुगड्याचा रंग मला ठाऊक नाही.

अजून एक. बैठकीत मी म्हणाले की किंकाळी ऐकून मी अप्पांना खूण केली. मी किंकाळी ऐकली नाही. माझ्या कानाशी इंजिन होतं. तो चरकाच्या जवळ होता, त्याने ती ऐकली. तो वळला आणि उभा राहिला. टोपी खाली पडली. तो का उभा राहिला म्हणून मी पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. त्याचा चेहरा बघितला आणि मग तो जिकडे बघत होता तिकडे. तेव्हा मला तू दिसलीस. मग मी हात वर केला.

म्हणजे तो उभा राहिला नसता तर किती वेळ गेला असता, मला माहीत नाही.

ते स्थळ पुढे गेलं नाही. रक्त बघून गेलेली माणसं परत येत नाहीत. त्याचं लग्न कुठे झालं ते मी विचारलेलं नाही.

मला आता रडायला वगैरे येत नाही. सकाळी उठते, शाळेत जाते, मुलांना शुद्धलेखन घालते. साखरबाई काल म्हणाल्या, "बाई, तुमाला तीनदा हाक मारली. हितं हायसा का कुठं?" मी म्हटलं, इथेच आहे.

तुझ्यावरचा खोटेपणाचा आळ माझ्या शब्दामुळे आला. माझा शब्द आता असा आहे.

माला


निमगाव केतकी
रविवार, २ नोव्हेंबर १९५८

अक्का,

तू बोललीस ते मी उतरवून ठेवते आहे, म्हणजे पुढे मला ते माझ्या सोयीने बदलता येणार नाही. कमीजास्त असेल तर तात्यांकडून दुरुस्त करून घे.

गेल्या रविवारी मी घरी आले तेव्हा तू मळ्यात मिरच्या तोडत होतीस. मी शेजारच्या सरीत बसून तोडायला लागले. मग मी म्हटलं, अक्का, पत्र ऐकलंस ना. मला खरंच दिसलं नव्हतं. माझा त्यात हेतू नव्हता. मेंदूचंच तसं आहे. आणि मी पुन्हा ते मांजराचं सांगायला लागले.

तू मिरच्या तोडायची थांबली नाहीस. म्हणालीस:

"मांजर र्‍हाऊ दे. तुला दिसलं न्हाय, ते मला तवाच कळलं व्हतं. डोळं माज्यावर व्हतं, पर तू तितं न्हवतीस. तो गडी येऊन बसला आन् तू कानापतूर लाल झालीस. मला हसू येत व्हतं, माले. पदर अडकायच्या आदी मी हसत व्हते. म्हणलं, रातच्याला हिला चिडवायची."

तू पुढे म्हणालीस:

"न दिसल्याचा राग मी कवाच सोडला. दवाखान्यातच सोडला. पर तुला इचारलं तवा 'मला दिसला न्हाय' एवढं म्हणायचं व्हतं. तू म्हणलीस, 'तिनं केला न्हाय'. माज्या हातानं काय केलं, काय न्हाय, ते तू कोण सांगणार?"

मग टोपली भरली म्हणून तू उठलीस आणि गेलीस. मी सरीत बसून राहिले. इंदापूरच्या त्या खोलीत मला वाटलं होतं की माझी सुटका झाली. मन जिथे नव्हतं तिथलं दिसलं नाही, यात माझा काय दोष? दोष तिथे नव्हताच. कागद कोरा आहे असं मी शपथेवर सांगितलं, तिथे होता. ते कोणत्याही ठाण्यावर गाळलं गेलेलं नव्हतं. ते मी तोंडाने म्हणाले होते. आणि तसं म्हणाले कारण 'मला दिसला नाही' म्हटलं असतं तर आबासाहेबांनी लगेच विचारलं असतं, का दिसला नाही?

काल शाळेतून अर्धी रजा घेऊन मी कऱ्हाटीला गेले. वडगावला उतरून अप्पांना बरोबर घेतलं, कारण एकटी गेले तर दारातूनच परत लावतील असं वाटलं. तुला आम्ही सांगितलं नाही. मोरगावच्या रस्त्याला लागल्यावर अप्पा म्हणाले, "माले, दोन शब्द हायेत. 'केला व्हता' म्हण. तेवढ्यानं पोरगी तिच्या घरला जाती." मी म्हटलं, अप्पा, मला ते दिसलेलं नाही. ते म्हणाले, "आगं, मला तरी कुठं काय दिसत व्हतं भिंतीमागं. मी नुसता तुज्या हाताकडं बघत व्हतो." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. अप्पांना हे गेली पावणेदोन वर्षं कोणी विचारलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. मीही नाही.

आबासाहेब ओसरीवर होते. तुझ्या सासूबाई आतल्या दारात. दाजी गोठ्याकडून आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पाहुण्यांचंही सांगितलं. तुझ्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. ओसरीवर आणखी दोन माणसं होती, त्यातला एक हसला.

आबासाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मास्तरीणबाई, तवा येक सांगितलं, आज दुसरं सांगता. आमी धरायचं काय? सरळ बोला. तिनं हात वर केला का न्हाय?"

अप्पा माझ्याकडे बघत होते. अक्का, तेव्हा मी 'केला' म्हणणार होते. शब्द तोंडात आला होता. तो म्हटला असता तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण तू विचारलं होतंस, तू कोण सांगणार. 'केला नाही' म्हणायला मी जशी कोणी नव्हते, तशी 'केला' म्हणायलाही कोणी नाही.

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. मी तिथे बसले होते, पण माझं ध्यान तिच्याकडे नव्हतं. ती म्हणते दोनदा केला. बघायला दुसरं कोणी नव्हतं. माझं तेव्हाचं बोलणं धरू नका आणि आजचंही धरू नका. ज्याचा हात होता ती सांगते आहे, तिचं धरा."

आबासाहेब म्हणाले, "ह्ये काय उत्तर झालं?" आणि सुपारी कातरायला लागले.

मग दाजी बोलले. इतका वेळ ते तिथे आहेत हे मी विसरले होते. खांबापासून हलले नाहीत, वडिलांकडे बघितलंही नाही. म्हणाले, "दवाखान्यात ती गुंगीत व्हती. तीन दीस. उजवा हात बांदलेला. डावा हात ती सारखी वर करायची. येकदा वर, मग खाली, मग परत वर. मी धरून खाली ठिवायचो. नर्सबाई म्हणल्या, काय करतीय ही? मी म्हणलं, काय की."

आबासाहेब म्हणाले, "मग बैठकीत का बोलला न्हाईस?"

दाजी म्हणाले, "शिकलेल्या मेव्हणीनं सांगितलं, केला न्हाय. मला वाटलं, गुंगीतला हात, त्येचं काय धरायचं."

तुझ्या सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळाने आतून चहा आला, तीन कप, अप्पांना, मला आणि दाजींना. आबासाहेबांनी कागदाचं काढलं नाही. करणार नाही असंही म्हणाले नाहीत. त्यांच्या मनात काय आहे ते मी तुला सांगू शकत नाही. मला ते फक्त सुपारी कातरताना दिसले.

मी परत इथे आले आहे. शाळेत पाहुण्यांची गोष्ट पोचलेली दिसते. हेडमास्तर आज रविवार असून घरी आले होते आणि म्हणाले, उद्या जरा लवकर या, बोलायचं आहे. जाईन. माझ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही असं लिहिणार होते, पण तेही मला नक्की ठाऊक नाही.

हे पत्र वेळेत मिळावं म्हणून उद्या सकाळीच पेटीत टाकते. येत्या गुरुवारी दाजी वडगावला येणार आहेत. काल एसटीपर्यंत आम्हाला सोडायला आले तेव्हा तसं म्हणाले. बैलगाडी आणतील की नुसते येतील ते बोलले नाहीत. अप्पा पुढे जाऊन गाडीत बसले. दाजी खिडकीशी उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, "ती येईल का माज्याबरूबर? तुमी बहीण हायसा, तुमाला ठावं आसंल."

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही, दाजी. तिला विचारा. आणि ती सांगेल ते ऐका."

माला